फुलाबाईच्या उंबऱ्यातला धूर

माझी थोरली चुलती भूतानची होती. कुंडलिकतात्या, म्हणजे माझे चुलते, स्वातंत्र्याच्या वर्षी लष्करातून सुटून अंथुर्ण्याला आले ते बायको घेऊनच. कुठली केली म्हणून लोकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, भूतानची. ऐकणाऱ्यांना त्यातलं ‘भूत’ तेवढं कळलं. आठ दिवसांत गावभर झालं की कुंडलिकानं भुतांच्या मुलखातली बायको आणलीय. पुढं कितीतरी वर्षं तिला पाणवठ्यावर कुणी नावानं हाक मारली नाही. ‘ती भुतानीण’ एवढंच म्हणत.

तिचं नाव केझांग होतं. ते माझ्या आजीच्या, प्रयागबाईच्या, तोंडात बसेना. सून घरात घेतली तर हाक मारायला काहीतरी पाहिजे, म्हणून आजीनं तिचं नाव फुलाबाई ठेवलं. हे सगळं मी सांगते ते माझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं. माझी आई रतन ही तिची धाकटी जाऊ. काही थोडं चुलतीनं स्वतः सांगितलं, पण तिचं सांगणं नेहमी मध्येच तुटायचं.

लढाईच्या काळात तात्या खेचरांच्या पलटणीत होते. त्यांचा तळ कालिम्पाँगला पडला. तिबेटातून लोकरीचे तांडे तिथं उतरायचे, आणि तिथल्याच एका भूतानी व्यापाऱ्याच्या घरी केझांग सैपाकाला होती. तिचं गाव बुमथांग नावाच्या खोऱ्यात, तिथून पायी कितीतरी दिवसांच्या वाटेवर. गावी आई आणि एक भाऊ. तात्यांची आणि तिची ओळख कशी झाली, लग्न कुणी लावलं, हे दोघांनीही कधी नीट सांगितलं नाही. आली तेव्हा तिच्या अंगावर खांद्याला टाचलेलं जाड पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं होतं आणि डोईचे केस मानेपर्यंत कापलेले होते. तिकडं सगळ्याच बायका केस कापतात हे इथं कुणाला माहीत असणार? नवरा शेजारी उभा असताना विधवेसारखी डोई, हे बघून आजीनं पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि केस वाढेपर्यंत तो खाली येऊ दिला नाही.

आमची वस्ती कालव्याच्या फाट्याला लागून. वांगी, मिरची, कांदा करायचा आणि बारामतीच्या बाजाराला न्यायचा. मिरचीच्या पाट्या बघून ती पहिल्यांदा हसली, असं आई सांगते. आपल्याकडं मिरची तोंडी लावायला. तिच्या लेखी मिरची ही भाजी होती. पावशेर हिरव्या मिरच्या उभ्या चिरून ती त्यात लोणी घालून शिजवायची आणि वांग्याची भाजी खावी तशी खायची. गावातल्या बायका ते बघायला म्हणून येऊन बसायच्या. खाताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं का, ह्यावर त्यांची नजर.

पण मिरचीत तिला आणखी एक गोष्ट लागायची. तिला ती दातशी म्हणायची. लोणी काढून उरलेलं ताक ती मंद आचेवर तापवायची, ते फुटलं की चोथा फडक्यात बांधून ठेवायची आणि मुठीएवढे गोळे वळायची. ताजे गोळे मिरचीत टाकायचे, उरलेले मुरवायचे. एकदा असे गोळे तिनं मडक्यात घालून उतरंडीमागं ठेवले. महिन्याभरानं घरात वास सुटला. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं वासरू दगावलं, आणि लोक म्हणाले, भुतानिणीनं घरात मेलेलं काहीतरी ठेवलंय. आजीनं मडकं शोधून काढलं. ती ओरडली नाही. मडकं फुलाबाईच्याच हातात दिलं आणि बांधावर नेऊन पुरायला लावलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं फुलाबाईनं ताक फोडलं नाही. बाजरीची भाकरी, कालवण, हुलग्याची उसळ, जे घरात होईल ते ती खात गेली. मराठी बोलायला शिकली, नऊवारी नेसायला शिकली, केस वाढवून अंबाडा घालू लागली. मूलबाळ झालं नाही. माझी आई लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला परदेशाची अशी काही खूण त्या बाईत दिसलीच नाही, डोळ्यांची ठेवण सोडली तर. एक मात्र तिच्या लक्षात आलं. जाऊबाई जेवताना वास घेत नसत. घास तोंडात जाईपर्यंत श्वास धरून ठेवत.

सन पंचावन्नच्या शिमग्यानंतर फुलाबाईचं चित्त उडालं.

वेळ भर दुपारची. आमच्याकडं दुपारी बाराच्या सुमाराला एकटंदुकटं कुणी विहिरीवर जात नाही, झाडाखाली निजत नाही. माणसं घरात असतात, गुरं सावलीला. अशा वेळी फुलाबाई हातातलं काम टाकून दाराकडं बघत राहायची. पहिल्यांदा तिनं माझ्या आईला विचारलं, दारात कोण आलंय? आईनं बाहेर जाऊन पाहिलं. अंगणात ऊन होतं, पलीकडं चिंच आणि चिंचेपलीकडं फाटा. कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग ती विचारायची थांबली. एकदा नुसतंच म्हणाली,

“हाय कुणीतरी. उपाशी हाय.”

आईला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. दुपारी ती दाराकडं पाठ करून बसू लागली. आजी त्या वेळी माजघरात भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. तिला काही कळत नाही, असं आईला वाटायचं.

चैत्र सरत आला तेव्हा कालिम्पाँगहून पत्र आलं. बुमथांगात टपाल नव्हतं. तिकडून खेचरं हाकत येणारा कुणीतरी निरोप आणायचा आणि कालिम्पाँगचा एक दुकानदार तो हिंदीत लिहून टाकायचा. तात्यांनी पत्र ओट्यावर बसून वाचलं, मग आत जाऊन बायकोला सांगितलं. तिची आई गेली होती. फागुन पूनम को, असं पत्रात होतं. म्हणजे आपल्या होळीच्या दिवशी.

ती रडली नाही. बोटांवर दिवस मोजू लागली. तात्यांना तिनं विचारलं, एकोणपन्नास कधी होतात? तात्यांनी पंचांग काढलं. अक्षय तृतीयेनंतर दोन दिवसांनी. बारा दिवस उरले होते.

हे एकोणपन्नास दिवस काय, ते तात्यांनी आजीला समजावून सांगितलं तेव्हा आई चुलीपाशी होती. त्यांच्याकडं असं मानतात की मेलेलं माणूस एकोणपन्नास दिवस वाटेत असतं. त्याला तोंड नसतं, म्हणून ते वासावर जेवतं. घरच्यांनी रोज निखाऱ्यावर पीठ, लोणी, दूध, गोड असं जाळायचं. त्या धुराच्या वासानं त्याचं पोट भरतं आणि सात आठवडे झाले की ते पुढच्या जन्माला जातं. उपाशी राहिलं तर वाट चुकतं.

मग फुलाबाई स्वतः बोलली. तिच्या बोलीतही आईला ‘आय’सारखंच काहीतरी म्हणत.

“माजी आय हितं आलीया. लई लांबनं आली. पन ह्या घराला माजा वास न्हाय. बाजरीचा वास हाय, तुमचा वास हाय. ती दारातच हुबी ऱ्हाती. आत येत न्हाय.”

तात्या उठून बाहेर गेले. तिला हवं होतं ते असं: तिची आई ज्या जेवणावर जगली त्याचा वास. बुमथांग इतकं उंचावर की तिथं भात होत नाही. तिथं एक काळं, तीन कोनांचं बी पिकतं. त्याच्या पिठाचे जाड डोसे करतात, त्यांना खुले म्हणतात. मिरची-दातशीबरोबर तेच तिच्या आईचं सकाळचं आणि संध्याकाळचं अन्न. ते बी मिळालं नाही तर जाळायचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी पडून राहिली नाही. उठून उंबऱ्याशी आली, अंगणाकडं बराच वेळ बघत राहिली आणि मागं न वळता म्हणाली,

“मी बी बगितलंय तिला.”

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

आजीनं मग सगळं सांगितलं. शिमग्यानंतर तिला दुपारी चिंचेखाली एक बाई दिसायची. पाठमोरी, थोडी वाकलेली, डोईचे केस कापलेली. तिला वाटलं, ही आपल्यालाच न्यायला आलीय. म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि कुणाला सांगायची नाही. “मला काय ठावं ही हिची आय हाय,” ती म्हणाली. “माज्या दारात म्हैनाभर बाई उपाशी हुबी, आन् मी तोंड फिरवून पडले.” लगेच तिनं तात्यांना हाक मारून सांगितलं की उद्या हिला घेऊन बारामतीला जा आणि ते बी शोध.

बारामतीच्या पेठेत दोघं दिवसभर हिंडली. फुलाबाई दुकानदाराच्या तागडीशेजारी सांडलेल्या पिठात बोटानं तीन कोन काढून दाखवायची. कुणी राजगिरा पुढं केला, कुणी कारळे, कुणी जवस, एकानं भगर. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं पूजेसाठी ठेवलेले जव मिळाले. धुराला जवाचं पीठ लागतंच, तेवढं तरी झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

मग तात्यांना आठवण झाली ती साखर कारखान्यावरच्या गुरख्याची. जवळच्या कारखान्याच्या फाटकावर एक नेपाळी पहारेकरी होता. कालिम्पाँगला राहिल्यामुळं फुलाबाईला नेपाळी येत होतं, पण आठ वर्षांत ती त्या माणसाशी बोलायला कधी गेली नव्हती. सायकलवर मागं बसून ती गेली. फाटकाशी उभी राहिली आणि तिनं त्याला त्याच्या भाषेत विचारलं, फापर कुठं मिळेल? तो माणूस हातातली काठी भिंतीला टेकवून खालीच बसला. किती वर्षांनी तो शब्द ऐकला, असं म्हणाला. फापर त्याच्याही गावी पिकायचं. त्यानं सांगितलं की इकडं त्याला कुट्टू म्हणतात, मारवाडी लोक नवरात्रात उपासाला खातात आणि पुण्याच्या पेठेत ते येतं.

कालव्याच्या पाण्याची पाळी होती, म्हणून तात्यांना निघता येईना. पाळी चुकली तर मिरची जळाली असती. माझ्या वडलांनाही तेच. तेव्हा आजीच उभी राहिली. दौंडच्या पलीकडं ती जन्मात गेली नव्हती. पुण्याला भवानी पेठेत आमच्या गावचे मोहनराव मापाडी होते. त्यांच्याकडं उतरायचं ठरलं. सासू आणि सून, दोघीच, भाकरीचं गाठोडं घेऊन बारामतीच्या लहान रुळांच्या गाडीत बसल्या.

पुण्यातल्या त्या तीन दिवसांबद्दल चुलतीनं मला एकदा सांगितलं होतं. पेठेत एवढी माणसं, टांगे, हातगाड्या. मोहनराव पुढं चालायचे आणि ती मागं पडायची. मोहनरावांना वाटलं ही गावाकडची, गर्दीला बुजली. पण ती मुद्दाम हळू चालत होती. आपल्या मागून आई येतेय, तिनं आयुष्यात एवढी मोठी वस्ती पाहिलेली नाही, ती चुकेल, असं तिला वाटत होतं. प्रत्येक वळणावर ती थांबून मागं बघायची. पहिल्या दिवशी आजीनं हे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी एका चौकात समोरून मालमोटार येत होती, आणि रस्ता ओलांडताना आजीनं स्वतःच थांबून हात मागं केला, मुलाचा धरावा तसा, आणि तो हात तसाच मागं धरून पलीकडं गेली. चुलती म्हणाली, त्या दिवसापासून मला सासूची भीती वाटली नाही.

दुकानात मात्र सगळीकडं एकच उत्तर. कुट्टू? आता कुठला? चैत्राचं नवरात्र झालं, माल संपला, आश्विनात या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अशी बरीच दुकानं झाली. मोहनराव म्हणाले की आता मुंबईलाच बघावं लागेल. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी शेवटच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि उठेना. दुकानदार मारवाडी, वर माडीवर त्याचं घर. आजीनं त्याला विचारलं की घरात तुझी आई आहे का? आहे म्हटल्यावर ती सुनेला घेऊन थेट जिना चढून वर गेली.

वर एक म्हातारी शेठाणी माळ ओढत बसली होती. आजीची मराठी तिला अर्धी कळली, पण मेलेली आई, सात आठवडे आणि कुट्टू एवढं पुरलं. ती उठून आत गेली आणि पितळेच्या डब्यातून नवरात्रातलं उरलेलं कुट्टू घेऊन आली. पीठ नव्हतं, अख्खं बीच होतं, दीडदोन शेर असेल. डबा तिनं आजीच्या ओच्यात उपडा केला. गेलेल्या माणसासाठी मागितलेलं मापानं देत नाहीत, असं काहीतरी ती म्हणाली.

फुलाबाईनं त्या बियांत हात घातला. काळपट, तीन कोनांचं बी. मूठ नाकाशी नेली. आजी नंतर सांगायची की तेव्हा ती प्रथम रडली. आवाज न करता, बराच वेळ.

अक्षय तृतीयेच्या सकाळी दोघी परत आल्या. आमच्याकडं त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचे मातीचे करे भरून ठेवतात. आजीनं दरवर्षीसारखे करे भरले आणि एक जास्तीचा भरून फुलाबाईपुढं सरकवला.

तो आणि दुसरा दिवस तयारीत गेला. माझ्या आईनं आणि फुलाबाईनं जात्यावर कुट्टू दळलं. पीठ करड्या रंगाचं निघालं, मातीसारखा वास असलेलं. आजीनं स्वतः ताक घुसळलं, लोणी काढलं आणि उरलेलं ताक सुनेच्या हातात दिलं. ज्या घरातून ते मडकं बाहेर गेलं होतं त्याच घरात ताक चुलीवर चढलं आणि फुटलं. माझे वडील मळ्यातून हिरव्या मिरच्या घेऊन आले.

एकोणपन्नासाव्या दिवशी उन्हं चढल्यावर फुलाबाईनं तव्यावर खुले घातले. मिरच्यांत दातशी टाकली, लोणी टाकलं. घर त्या वासानं भरलं. आई म्हणते, तो वास वाईट नव्हता, पण तो आपल्या घराचा नव्हता. आपण दुसऱ्याच्या घरात चुकून आलोय असं तिला वाटत होतं.

बाराच्या सुमाराला उंबऱ्यावर खापरात निखारे ठेवले. फुलाबाईनं त्यावर जवाचं पीठ, लोणी, दूध, गूळ घातला, मग खुल्याचा तुकडा आणि दातशीची फोड. तिच्या भाषेत ती काहीतरी पुटपुटत होती. मागं आजी, आजीमागं आई. तात्या आणि माझे वडील अंगणात उभे. वारा नव्हता, चिंचेचं पान हलत नव्हतं.

धूर वर गेला नाही. आई हे शपथेवर सांगते. तो खापरातून निघाला, खाली बसला, जमिनीला धरून उंबऱ्यावरून आत आला आणि माजघरातून उतरंडीकडं सरकला. अंगणातला कुत्रा उठून उभा राहिला. भुंकला नाही, शेपूट हलवली नाही, फक्त वाट सोडून बाजूला झाला.

थोड्या वेळानं निखारे विझले. आजीनं चिंचेकडं पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. “गेली बाई,” ती म्हणाली.

फुलाबाई उतरंडीकडं बघत होती.

“न्हाय,” ती म्हणाली. “आत आली.”

तिच्या तोंडावर समाधान नव्हतं, हे आईला चांगलं आठवतं. फुलाबाईच्या धर्माप्रमाणं त्या दिवशी तिच्या आईनं पुढं जायला हवं होतं. आत येणं बरोबर नव्हतं. ते तिला कळत होतं, आणि तरीही तिनं दार लावून घेतलं.

मग सगळे जेवायला बसले. माझ्या वडलांनी दोन घासांत पाण्याचा तांब्या संपवला. आईला मिरची-दातशी आवडली, डोळे पुसत पुसत तिनं दोनदा मागून घेतली. फुलाबाईनं खुल्याचा तुकडा मोडला, आधी त्याचा वास घेतला, मग तोंडात घातला आणि चावायची थांबली. आईनं विचारलं काय झालं? तिनं मान हलवली. खूप वर्षांनी आईपाशी ती एवढंच बोलली, की कडू लागलं होतं. लहानपणापासून खाल्लेलं अन्न आणि जिभेला ते परकं झालं होतं. तिनं ताटातलं सगळं संपवलं.

त्यानंतर दुपारी दारात कुणी येईनासं झालं. आजी पुन्हा निवांत पडू लागली, पण तोंड भिंतीकडं नाही, घराकडं करून. उतरंडीच्या कोपऱ्यात मात्र ताक फुटल्याचा वास राहिला. दातशी केली तरी यायचा, नाही केली तरी यायचा. आईनं तो कोपरा शेणानं सारवला, धूप घातला, तो जाईना. फुलाबाई त्या कोपऱ्याजवळून जाताना आवाज हळू करायची, कुणी झोपलेलं असावं तशी.

श्रावणात दुसरं पत्र आलं. पोस्टमन मळ्यातच भेटला, म्हणून ते तात्यांच्या हातात पडलं. ह्या खेपेला भावानं स्वतः कालिम्पाँगला येऊन लिहवून घेतलं होतं. तात्यांनी ते बांधावर उभ्यानं वाचलं, घडी करून बंडीत ठेवलं आणि घरी आल्यावर आधी आजीला गोठ्यात बोलावलं. माझी आई धार काढत होती, तिनं ऐकलं.

पहिल्या पत्रातली तिथी चुकीची होती. फुलाबाईची आई फागुन पूनमेला गेली नव्हती. कार्तिकी पुनवेलाच गेली होती. बर्फानं वाटा बंद झाल्या, बातमी घाटाखाली यायला फाल्गुन उजाडला, आणि बातमी घाट उतरली तोच दिवस दुकानदारानं लिहून टाकला. तिकडं भावानं सगळं यथासांग केलं होतं. एकोणपन्नास दिवस रोज धूर दिला होता. पौषातच म्हातारी सुखानं पुढं गेली, काळजी करू नये, असं त्यात होतं.

वाचून झाल्यावर तात्यांनी विचारलं,

“मग शिमग्यापास्नं दारात हुतं ते कोन, आई?”

आजीनं गोठ्याच्या दारातून घराकडं पाहिलं. आत फुलाबाई भाकरी थापत होती, आवाज येत होता.

“तिला सांगू नगंस,” आजी म्हणाली. “आता घरात घ्येतलंय.”

ते पत्र तात्यांनी जाळलं. आजी त्यानंतर चार वर्षं जगली. रोज जेवायच्या आधी ती एक घास काढून उतरंडीकडं ठेवायची. तिची एक लेक लहानपणी दुष्काळात गेली होती, तिच्या जावा प्लेगात गेल्या होत्या. त्यांतलं कुणी असेल असं तिला वाटत होतं की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही. माझ्या आईनं एकदा विचारलं तर म्हणाली, विचारू नये.

फुलाबाईनं त्या कुट्टूतलं मूठभर बी राखून ठेवलं होतं. त्यातलं अर्धं तिनं माघात वांग्याच्या कडेला टाकलं. पहिल्या वर्षी नुसती पांढरी फुलं आली आणि उन्हानं करपली. दुसऱ्या वर्षी उरलेलं लवकर, कार्तिकातच टाकलं आणि थंडीत मापटंभर दाणा झाला. मारवाडी बायका हे उपासाला खातात ही बातमी आजीनंच पाणवठ्यावर सांगितली असावी, कारण सत्तावन्नच्या आषाढात शेजारची छबूबाई पदरात भांडं लपवून आली आणि उपासापुरतं पीठ मागून गेली. पुढच्या वर्षी आणखी दोघी आल्या. त्यांनी तिला फुलाबाई म्हणून हाक मारली.

पत्राचं मात्र तिला कधीच कळलं नाही, असं तात्या म्हणायचे. माझ्या आईला तशी खात्री नव्हती. श्रावणातल्या त्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर फुलाबाईनं तात्यांना सहज विचारलं होतं, कालिम्पाँगचं काही आलं का? तात्या म्हणाले, नाही. ती त्यांच्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिली आणि बरं म्हणाली. त्याआधी दर दिवाळीला ती तात्यांना भावाच्या नावानं पत्र घालायला लावायची. त्यानंतर तिनं कधी ते लिहायला सांगितलं नाही.